हाताने पत्रा घडवण्याचा छंद : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पत्रा घडवणं म्हणजे लोहारकामच ना?

नाही. लोहार जाड लोखंड भट्टीत लाल करतो आणि ते गरम असतानाच ऐरणीवर घडवतो. आपण घेतो पातळ पत्रा, साधारण एक मिलिमीटरचा, आणि तो थंड असतानाच ठोकून आकाराला आणतो. आच लागते, पण ती मधूनमधून पत्रा नरम करायला. ठोके पडतात ते थंड पत्र्यावरच. तांबटाचं काम याच्या जास्त जवळचं आहे. जुन्या गाड्यांचे मडगार्ड हाताने बनवणारे कारागीर, चिलखतं बनवणारे हौशी लोक, धातूची शिल्पं करणारे, हे सगळे एकाच विद्येवर जगतात.

पत्रा वाकवणं आणि घडवणं, यात फरक काय?

एक कागद घ्या. त्याची नळी होते, शंकू होतो, पेटी होते. आता तोच कागद चेंडूवर गुंडाळून बघा. कडेला चुण्या पडतातच, कितीही जपून केलं तरी. नळी, शंकू, पेटी हे आकार नुसत्या वाकवण्याने मिळतात, कारण कागदाचं क्षेत्रफळ कुठेच बदलत नाही. चेंडूसारखा, वाटीसारखा, घोड्याच्या खोगिरासारखा आकार हवा असेल तर पत्र्याचं क्षेत्रफळ काही जागी वाढवावं लागतं, नाहीतर काही जागी कमी करावं लागतं. घडवणं म्हणजे हेच. बाकी सगळी हत्यारं आणि युक्त्या या एका गोष्टीसाठी आहेत.

नवीन माणूस हातोडी हातात घेतो आणि पत्र्याला 'वळवायला' लागतो. पत्रा थोडा वळतो, मग अडून बसतो, मग दुसरीकडेच फुगतो. तिथे जोर कमी पडलेला नसतो. पत्रा सांगत असतो की इथे माझ्याकडे जास्तीचा माल आहे किंवा इथे मला माल कमी पडतोय. ते ऐकायला शिकलात की निम्मं काम झालं.

क्षेत्रफळ बदलतं म्हणजे किती? जरा आकड्यात सांगा.

आनंदाने, कारण हा हिशेब एकदा केला की डोक्यातला गोंधळ जातो.

समजा, १५० मिलिमीटर तोंडाची आणि ३० मिलिमीटर खोल अशी उथळ वाटी करायची आहे. तोंडाची त्रिज्या ७५. गोलाच्या अशा टोपीचं क्षेत्रफळ काढताना त्रिज्येचा वर्ग आणि खोलीचा वर्ग यांची बेरीज करून पायने गुणतात. ५६२५ अधिक ९००, म्हणजे ६५२५. सपाट चकतीचे नुसते ५६२५. म्हणजे वाटीला सपाट चकतीपेक्षा सुमारे १६ टक्के जास्त पत्रा लागतो.

हा जास्तीचा पत्रा दोन वाटांनी येऊ शकतो. पहिली वाट : १५० ची चकती कापा, कड जागच्या जागी ठेवा आणि मधला भाग ठोकून ताणा. मग पत्रा मध्ये पातळ होतो. दुसरी वाट : मुळातच मोठी चकती कापा आणि कड आत ओढून घ्या. ६५२५ चं वर्गमूळ ८०.८ येतं, म्हणून चकती सुमारे १६२ मिलिमीटरची. तिचा परीघ ५०८ आहे आणि वाटीच्या तोंडाचा ४७१. म्हणजे कडेवरचे ३७ मिलिमीटर कुठेतरी जिरवायचे. कात्री लावायची नाही, घडी घालायची नाही, धातूतच मुरवायचे. यालाच आकसवणं म्हणतात, आणि पत्रा या बदल्यात कडेला थोडा जाड होतो.

आता पूर्ण अर्धगोल वाटी घ्या. तिचं क्षेत्रफळ तोंडाच्या वर्तुळाच्या बरोबर दुप्पट असतं. ती नुसती ताणून करायला गेलात तर १ मिलिमीटरचा पत्रा सरासरी अर्ध्या मिलिमीटरवर येतो, आणि सगळीकडे सारखा पातळ होत नसल्यामुळे तळाशी फाटतो. म्हणून खोल आकार आकसवल्याशिवाय होत नाही. उथळ आकार ताणून निभतो.

कुठे ताणायचं आणि कुठे आकसवायचं, हे आधी कसं ओळखायचं?

कागदाने. जो आकार करायचा आहे त्याचा नमुना समोर हवा : लाकडी साचा असेल, मातीचा असेल, किंवा ज्याची नक्कल करायची तो जुना भाग. त्यावर जरा जाडसर कागद अंथरा आणि हाताने बसवत जा. जिथे कागदाला चुण्या पडतील तिथे पत्रा आकसवावा लागेल. जिथे कागद ओढला जाईल आणि बसवण्यासाठी चीर द्यावी लागेल, आणि ती चीर तोंड उघडेल, तिथे पत्रा ताणावा लागेल. कागदावर पेन्सिलीने खुणा करा, कागद सपाट करा आणि पत्र्यावर ठेवा. झाला तुमचा नकाशा.

मला ही युक्ती पहिली दोन वर्षं माहीत नव्हती. त्या काळात केलेले सगळे वाकडे तुकडे मी एकाच प्रकारे बिघडवले होते : जिथे आकसवायला हवं होतं तिथे ताणत राहिलो.

सुरुवातीला कोणता धातू घ्यावा?

नरम अ‍ॅल्युमिनियम किंवा तांबं. दोन्हींपैकी एक निवडायला सांगितलं तर मी तांबं म्हणेन, कारण ते चुका माफ करतं. कडक झालं की पुन्हा तापवून नरम करता येतं, हे पाहिजे तितक्या वेळा करता येतं आणि तापल्याचं डोळ्यांना दिसतं.

अ‍ॅल्युमिनियम हलकं आहे, पोलादाच्या साधारण एकतृतीयांश वजनाचं, आणि हाताला सोपं. पण सगळं अ‍ॅल्युमिनियम सारखं नसतं, त्याच्या प्रकारांना क्रमांक असतात. ११०० म्हणजे जवळजवळ शुद्ध, सगळ्यात नरम. ३००३ मध्ये थोडं मँगनीज असतं, ते किंचित मजबूत आणि घडवायला फार गुणी. माझ्या मते शिकायला याहून चांगला पत्रा नाही. ५०५२ मध्ये मॅग्नेशियम असतं. घडतो, पण लवकर ताठ होतो. ६०६१ टी६ सारखे उष्णतेने कडक केलेले पत्रे शिकाऊ माणसाने घेऊ नयेत, ते चिरतात. आकड्यापुढचं अक्षरही बघा. 'ओ' म्हणजे पूर्ण नरम, 'एच१४' म्हणजे अर्धा कडक. दोन्ही चालतात, फक्त एच१४ला आधी एकदा तापवून नरम केलं तर हात दुखत नाही.

पितळ सुंदर दिसतं, पण भट्टी फार तापवली तर त्यातलं जस्त धुरातून बाहेर पडतं. शिवाय सोपं कातता यावं म्हणून शिसं घातलेलं पितळ ठोकताना फुटतं. ते नंतरसाठी ठेवा.

साधा कमी कार्बनचा, कोल्ड रोल्ड म्हणजे थंड असताना लाटलेला पोलादी पत्रा दुसऱ्या टप्प्यावर घ्या. तो ताकद मागतो, पण मन लावून शिकवतोही. स्टेनलेस इतक्या वेगाने ताठ होतो की शिकणाऱ्याचा उत्साहच संपतो.

आणि जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, म्हणजे गॅल्व्हनाइज्ड, घरात पडलाय म्हणून घेऊ नका. तापवला की जस्ताचा पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो.

जाडी किती असावी?

तांबं ०.८ ते १ मिलिमीटर. अ‍ॅल्युमिनियम १ ते १.२. पोलाद ०.९. याहून पातळ घेतलं तर सोपं जाईल असं वाटतं, पण पातळ पत्र्याला चुण्या चटकन पडतात आणि तो घडी होऊन बसतो.

जाडी सांगताना गेजवर विसंबू नका, मिलिमीटरच सांगा. गेजचे तक्ते एकाहून जास्त आहेत. १८ गेज म्हणजे एका तक्त्यात १.२२ मिलिमीटर आणि दुसऱ्यात १.०२. सूक्ष्ममापी असेल तर उत्तमच.

कमीत कमी किती हत्यारं लागतील?

एक मोगरी म्हणजे लाकडी हातोडा, ज्याचं एक तोंड अंड्यासारखं गोल आहे. वाळूची पिशवी, नाहीतर वरच्या बाजूला उथळ खळगा कोरलेला लाकडी ओंडका. सपाट, किंचित फुगीर तोंडाची एक लोखंडी हातोडी, ३०० ग्रॅमच्या आसपास. तिच्याखाली धरायला गुळगुळीत लोखंडी ठोकळा किंवा गोल डोक्याचा खुंटा. पत्रा कापायची कात्री. एक मध्यम कानस. बस. पहिलं वर्षभर याच्यावर निघतं.

कात्र्यांच्या मुठीला रंग असतो आणि त्याला अर्थ असतो : लाल मूठ डावीकडे वळत कापते, हिरवी उजवीकडे, पिवळी सरळ. एकच घ्यायची तर गोल कापता येईल अशी घ्या, आणि कापताना पाती पूर्ण मिटू देऊ नका. टोकं मिटली की त्या जागी पत्र्याला दातरा पडतो.

हातोडीबद्दल मात्र दोन शब्द जास्त बोलतो. हातोडीचं तोंड हा शिक्का असतो. त्यावर जो ओरखडा असेल तो प्रत्येक ठोक्याला पत्र्यावर उमटतो, शंभर ठोके म्हणजे शंभर ओरखडे. नवीन हातोडीची कड तीक्ष्ण असते. हात किंचित तिरका झाला की अर्धचंद्रासारखी खूण बसते आणि ती नंतर काही केल्या जात नाही. म्हणून कामाला लागण्याआधी एक संध्याकाळ हातोडीला द्या. कड कानशीने गोलावून टाका. मग तोंडावर १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग २२०, ४००, ६००, प्रत्येक वेळी आधीच्या रेघांना आडवे घासत. शेवटी कापडावर पॉलिशचा साबण लावून चोळा. तोंडात तुमचा चेहरा अंधुक दिसायला लागला की ती हातोडी तयार झाली. तिने खिळे ठोकायचे नाहीत, कधीच. खालच्या ठोकळ्यालाही हाच नियम.

वाळूची पिशवी घरी शिवता येते का?

येते. जाड चामडं किंवा कॅनव्हासचे दोन थर, दुहेरी शिलाई, आत चाळलेली कोरडी बारीक वाळू. पिशवी गच्च भरू नका. पाऊणएक भरली की वर मुठीने खड्डा करता येतो आणि तो टिकतो. ओली वाळू घातली तर दगड होतो आणि बाहेरून बुरशी येते.

पहिला तुकडा कोणता करू? पायरीपायरीने सांगा.

वर हिशेब केलेली तीच वाटी. १६२ मिलिमीटरची चकती कापा. कापलेली कड लगेच कानशीने साफ करा, दोन्ही बाजूंनी, बोट फिरवलं तर अडकू नये इतकी. हे हात कापू नये म्हणून तर आहेच, पण त्याहून मोठं कारण पुढे चिरेच्या प्रश्नात सांगतो. खुणा मार्करने करा. टोकदार सुईने रेघ ओढली तर तिथूनच पत्रा फाटायला सुरुवात होते.

कड सोडून एक सेंटिमीटर आत पहिलं वर्तुळ काढा, मग प्रत्येक सेंटिमीटरला एक, मध्यापर्यंत. पत्रा पिशवीतल्या खड्ड्यावर तिरपा धरा, जिथे ठोका पडणार त्याच्या खाली पोकळी हवी. मोगरीच्या गोल तोंडाने बाहेरच्या वर्तुळावर ठोका द्या, चकती बोटभर फिरवा, पुन्हा ठोका. सगळे ठोके सारख्या जोराचे. हात खांद्यातून हलवू नका, मनगट आणि कोपर पुरे. मोगरीने पडताना स्वतःच्या वजनाने पडावं.

एक फेरी झाली की कड लाटांसारखी दिसायला लागेल. घाबरू नका, ते बरोबर आहे. त्या लाटा म्हणजे वर हिशेबात आलेले ३७ मिलिमीटर. लाटा छोट्या असतानाच त्यांना बसवायच्या, ते कसं हे पुढच्या प्रश्नात आहे. मग आतल्या वर्तुळावर या आणि असं मध्यापर्यंत जा. एक पूर्ण खेप झाली की पत्रा ताठ झालेला असतो, तो तापवून नरम करा आणि दुसरी खेप सुरू करा. तांब्याची अशी वाटी साधारण तीनचार खेपांत होते.

प्रत्येक खेपेनंतर पुठ्ठ्याचा कापलेला नमुना आतून लावून बघा. नुसत्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नका.

कडेच्या चुण्या आकसवायच्या कशा? माझ्या तर घड्या पडतात.

या छंदातली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे, म्हणून सावकाश वाचा.

पत्रा कठीण जागेवर टेकलेला असेल आणि वरून ठोका बसला तर दोन्हींच्या मध्ये चिमटला जाऊन तो पसरतो, म्हणजे ताणला जातो. पण पत्र्याचा फुगवटा वर आलेला असेल, खाली पोकळी असेल, आणि त्या फुगवट्याच्या दोन्ही बाजूंना हलायला जागा नसेल, तर ठोक्याखाली धातू स्वतःतच दबतो. जागा नाही, मग जाणार कुठे? तो जाड होतो. तेवढी कड आखूड झाली.

म्हणून चुणी बसवताना आधी तिच्या दोन बाजू हलक्या ठोक्यांनी पक्क्या करा, म्हणजे ती उघडून परत सपाट होऊ शकणार नाही. मग तिच्या माथ्यावर मोगरीने, लोखंडी हातोडीने नव्हे, लहान लहान ठोके देत ती खाली आणा. लाकूड पत्र्याला चिमटत नाही, त्यामुळे ताणही कमी पडतो. ओंडक्याच्या गुळगुळीत बाजूवर किंवा गोल खुंट्यावर हे छान होतं. चुणी उंचीपेक्षा रुंद असावी. उंच आणि अरुंद झाली की ती एका अंगावर कलंडते आणि पत्रा पत्र्यावर चढतो. कलंडायला लागलेली दिसली की थांबा, पकडीने उघडा, तापवा आणि पुन्हा करा. घडी ठोकून चपटी केली तर वरून दिसणार नाही, पण पुढच्या खेपेला तिथेच फाटेल.

मुद्दाम चुण्या पाडण्यासाठी दोन बोटांचा काटा मिळतो, दोन गोल सळ्या शेजारीशेजारी बसवलेला. पत्र्याची कड त्यात अडकवून पिळायची. खोल कामाला तो हवाच, पहिल्या वाटीला नाही लागत.

पत्रा कडक का होतो, आणि नरम कसा करायचा?

धातूच्या आत अणू ओळीने रचलेले असतात. ठोका बसला की ओळी एकमेकींवरून सरकतात, म्हणून आकार बदलतो. सरकता सरकता त्या एकमेकींत अडकतात आणि पुढचं सरकणं अवघड होतं. हाताला हे स्पष्ट कळतं : आवाज 'थप्प'वरून 'ठण्ण'वर जातो, आणि मोगरी उसळायला लागते. तापवल्यावर आतली रचना नव्याने जुळते आणि धातू पुन्हा मऊ होतो.

तांबं : उजेड कमी करा, सूर्यप्रकाशात लाली दिसत नाही आणि पत्रा गरजेपेक्षा जास्त तापतो. ज्योत सगळीकडे फिरवत मंद लाल रंग येईपर्यंत तापवा आणि पाण्यात बुडवा. पोलादाचं पातं पाण्यात बुडवलं की कडक होतं, म्हणून पुष्कळजण इथे बिचकतात. तांब्याला तसं होत नाही. उलट पाण्यामुळे वरची काळी खपली सुटते. राहिलेली काजळी कोमट पाण्यात सायट्रिक आम्ल विरघळवून त्यात ठेवली की निघते. ती काढल्याशिवाय ठोकू नका, नाहीतर पत्र्यात रुतून बसते. त्या द्रावणात लोखंडी चिमटा घालू नका, पत्र्यावर तांब्याचा लाल थर चढतो. प्लास्टिकचा चिमटा वापरा.

पितळ लाल असताना पाण्यात टाकू नका, लाली जाऊ द्या. साधा पोलादी पत्रा लाल करून हवेतच थंड होऊ द्या.

एक धोका आवर्जून सांगतो. चारी बाजूंनी बंद केलेली पोकळ वस्तू कधीही तापवू नका. आतली हवा आणि ओल फुगून ती फुटते. आधी एक बारीक भोक पाडा.

अ‍ॅल्युमिनियम लाल होतच नाही. तापलंय हे कळायचं कसं?

होत नाही, आणि म्हणूनच ते फसवतं. ६६० अंशांना ते वितळतं आणि त्याआधी रंग बदलत नाही. एका क्षणी चकाकता पत्रा, दुसऱ्या क्षणी मध्ये भोक. नरम व्हायला ३४० ते ४१५ अंश पुरतात. साधा अंगाचा साबण पत्र्यावर कोरडाच घासा, पांढरे पट्टे उठतील. ज्योत पत्र्याच्या मागच्या बाजूने आणि सतत फिरती ठेवा. साबण आधी पिवळट होईल, मग तपकिरी. गडद तपकिरी, जवळजवळ काळा झाला की ज्योत काढा. आधी एका टाकाऊ तुकड्यावर करून बघा, आणि तो मुद्दाम जास्त तापवून वितळूही द्या. किती पुढे गेल्यावर हाताबाहेर जातं ते एकदा पाहिलेलं असलं की हात आपोआप सावध राहतो.

मठारणं म्हणजे काय?

तांबटांचा हा जुना शब्द, आणि मला फार आवडतो. मोगरीने केलेला आकार खडबडीत असतो. तो पॉलिश केलेल्या खुंट्यावर ठेवून, पॉलिश केलेल्या हातोडीने हलके, जवळजवळ, एकावर एक थोडे चढलेले ठोके देत जायचं. प्रत्येक ठोका एक छोटा सपाट ठिपका सोडतो. ठिपक्याला ठिपका लागत गेला की खड्डे-उंचवटे जातात आणि पत्रा ताठ होतो. जोर लावायचा नाही. खुंट्याला हातोडी नेमकी वरच भेटली पाहिजे. भेटली तर खणखणीत आवाज येतो, हुकली तर बोदा. कानाने काम करायचं असतं ते इथे.

सफाई कळते ती डोळ्यांपेक्षा तळहाताला. पत्र्यावर पातळ सुती कापड ठेवा आणि त्यावरून सबंध पंजा सावकाश सरकवा. बोटांच्या टोकांना न लागणारा अर्ध्या मिलिमीटरचा उंचवटाही पंजाला लागतो.

मध्ये दाबलं की पत्रा 'टक्' करून आत जातो आणि सोडलं की बाहेर येतो. काय चुकलं?

मधला भाग जास्त ताणला गेला आहे आणि कड त्या मानाने आवळलेली राहिली आहे. जास्तीच्या पत्र्याला बसायला जागा नाही, म्हणून तो इकडून तिकडे उड्या मारतो. अशा वेळी सगळ्यांचा हात त्या फुगवट्यावरच जातो, आणि प्रत्येक ठोक्याला तो आणखी ताणला जातो. फुगवट्याला हात लावू नका. कडेजवळचा पत्रा ठोकळ्यावर ठेवून हलके ताणा. कडेला दोनचार फेऱ्या झाल्या की मध्य आपोआप शांत होतो.

कडेला चीर पडली. आता?

लगेच थांबा. चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडलं तर ती पुढे सरकत नाही, मग ती झाळून घेता येते. पण कारण शोधा. बहुतेक वेळा कानशीने न काढलेला एखादा दातरा असतो, किंवा एक खेप जास्त ओढलेली असते, 'ठण्ण' आवाज आल्यावरही. मी एकदा आठवडाभर केलेलं काम असंच घालवलं. चीर जिथून सुरू झाली तिथे भिंगाने पाहिलं तर कात्री मिटल्याची एवढीशी खाच होती, नखानेही लागली नसती.

इंग्लिश व्हील घ्यावं का?

इतक्यात नको. वरचं सपाट चाक आणि खालचं फुगीर चाक यांच्यात पत्रा फिरवला की तो हळूहळू ताणला जातो आणि फार सुरेख गुळगुळीत होतो. पण ते मुख्यतः ताणतं आणि साफ करतं. आकसवण्याचं काम ते करत नाही. ज्याला हाताने आकसवता येत नाही त्याच्या हातात व्हील आलं की सगळे तुकडे एकसारखे फुगतात.

वेल्डिंग यायला हवं का?

सुरुवातीला नाही. एकसंध तुकड्यातून होईल असं भरपूर काही आहे. पुढे मोठे आकार तुकड्यातुकड्यांनी करून जोडावे लागतात, तेव्हा शिका.

आवाज आणि सुरक्षितता?

आठ तासांच्या कामात ८५ डेसिबलच्या वर कानाला इजा व्हायला लागते, आणि लोखंडावर लोखंड आपटलं की आपण त्याच्या कितीतरी वर असतो. कानात बोळे हवेतच, पहिल्या दिवसापासून, एकट्या पाच ठोक्यांसाठीही. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. ओंडक्याखाली जाड रबर किंवा जुन्या गालिच्याच्या घड्या ठेवल्या की जमिनीतून जाणारा धमाका निम्म्याहून कमी होतो, घरातल्यांना आणि शेजाऱ्यांनाही बरं. डोळ्यांवर चष्मा. पत्रा धरायला घट्ट बसणारे हातमोजे, पण फिरत्या यंत्राजवळ हातमोजे नकोतच. तापवायचं ते मोकळ्या हवेत. आणि ज्या ग्राइंडरवर लोखंड घासता त्याच्यावर अ‍ॅल्युमिनियम घासू नका : चाकाची छिद्रं भरून चाक तापतं, शिवाय अ‍ॅल्युमिनियमची भुकटी आणि लोखंडाच्या ठिणग्या एकत्र येणं धोक्याचं असतं.

तांब्याच्या वाटीत खाल्लं तर चालेल?

आतून कल्हई केल्याशिवाय आंबट काही ठेवू नका. कथील २३२ अंशांना वितळतं, त्यामुळे कल्हई शिकणं अवघड नाही, पण तो वेगळा विषय आहे.

हाताने किती मोठं काम होऊ शकतं?

न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, १८८६ साली उभा राहिलेला, तांब्याच्या पत्र्याचा आहे. पत्रा सुमारे २.४ मिलिमीटर जाड. तीनशेच्या वर पत्रे लाकडी साच्यांवर ठेवून हातोड्यांनी ठोकून घडवले आणि आतल्या लोखंडी सांगाड्यावर बसवले. इतक्या मोठ्या वस्त्राची एकेक घडी कोणाच्या तरी हातच्या ठोक्यांनी बसलेली आहे. तुम्ही वाटीत जे ताणणं-आकसवणं करता तेच तिथे झालं, मोठ्या मापाने.

बिघडलेला तुकडा टाकून द्यावा का?

पहिला अजिबात टाकू नका. त्यावर तारीख, धातू आणि जाडी मार्करने लिहा आणि भिंतीवर टांगा. पुढच्या बिघडलेल्या तुकड्यांना मधून कात्रीने उभं कापा आणि कापलेल्या कडेची जाडी मापा : तळाशी किती, अर्ध्यात किती, काठाला किती. १ मिलिमीटरच्या पत्र्यात तळाशी ०.६ आणि काठाला १.० दिसलं तर तुम्ही सगळा आकार ताणून काढला आहे. तळाशी ०.९ आणि काठाला १.१ दिसलं तर हात आकसवायला शिकलाय. उरलेल्या अर्ध्यावर साबण घासून तापवायचा सराव करा.